दुप्पट हवेचा महाराज

दवनीवाड्याच्या बुधवारच्या बाजारात त्या दिवशी कोणी मिरच्या घेत नव्हतं, कोणी मडकी वाजवून पाहत नव्हतं. तीन-चारशे माणसं कडुनिंबाखाली दाटीवाटीनं बसून एका लोखंडाच्या तुकड्याकडे टक लावून पाहत होती. तुकड्याला झेंडूचा हार घातला होता, कुंकू लावलं होतं, समोर नारळ फोडला होता. एका म्हाताऱ्यानं तर त्याच्यापुढे चक्क दंडवत घातला. साल १९५५, महिना आश्विन.

तो तुकडा म्हणजे उदेलाल पटले या शेतकऱ्याच्या तेलइंजिनाचं हेड. सिलिंडरवर बसणारं हे जाड ओतीव झाकण. याच्यातूनच इंजिन हवा आत घेतं आणि धूर बाहेर टाकतं. उदेलाल त्या इंजिनानं नाल्याचं पाणी उचलून धानाला द्यायचा. सकाळपर्यंत ते हेड तेलकट आणि काजळलेलं होतं. दुपारी त्याला देवपण आलं.

देवपण देणारे होते पवनानंद महाराज. गोऱ्या अंगावर भगवी कफनी, मनगटात लोखंडी कडं आणि दाढीला वंगणाचा वास. गोंदियात फुलचूरच्या बाजूला एका रिकाम्या गोदामात त्यांचा मुक्काम होता, आणि महिन्याभरात त्यांनी आसपासच्या गावांतली पंधरा-वीस इंजिनं पावन केली होती. प्रत्येक इंजिनामागे एक कट्टा, म्हणजे पोतंभर, तांदूळ. महाराज स्वतः म्हणे फक्त हवेवर राहत. मग तांदूळ कुठं जात असतील, हे विचारायला गर्दीला सवड नव्हती.

“इंजन भी जीव है, बच्चा!” महाराज गरजत होते. “उसको भी साँस लगती है. तुम्हारा इंजिन काऊन थकता? तेल महंगा म्हणून? नाय! उसका प्राण अटका है! मैं प्राण खोलता हूँ!”

“बोला पवनानंद महाराज की...”

“जय!” चारशे गळे.

महाराजांजवळ एक यंत्र होतं. कपाटाएवढी लाकडी पेटी, तिला शेंदूर फासलेला. आत एक पंखा; बाजूच्या छोट्या इंजिनाच्या पट्ट्यावर तो भन्नाट फिरायचा आणि पेटीतली हवा ओढून बाहेर टाकायचा. पेटीच्या डोक्यावर एक भोक. त्यावर इंजिनाचं हेड उलटं ठेवलं की बाहेरची हवा हेडच्या वाटेनं पेटीत घुसायची आणि पुढे एका उभ्या काचनळीतून पंख्याकडे जायची. त्या काचनळीत एक हलका पांढरा चेंडू होता. हवा जितकी जास्त, तितका चेंडू वर. नळीच्या बाजूला शून्यापासून शंभरपर्यंत आकडे रंगवले होते, म्हणजे अक्षरशत्रूलाही कळावं की चेंडू वर गेला की भाग्य वर गेलं.

“पहले देखो! आशीर्वाद के पहले!”

पंखा घोंगावला. चेंडू उचलला आणि चाळीसवर थांबला.

मग महाराजांचा चेला श्यामलाल पुढे आला. त्याच्या हातात एक जाड, ओली भगवी घडी होती. तिचं नाव प्राणवस्त्र. ती त्यानं पेटीच्या पाठीमागे नेऊन लावली आणि हात सोडला, तर घडी खाली पडली नाही. पेटीला घट्ट चिकटून बसली.

“यंत्रानं वस्त्र धरलं!” कोणीतरी ओरडलं. बायाबापड्यांनी हात जोडले.

महाराजांनी हेडवर तीनदा फुंकर मारली. काचनळीतला चेंडू सरसर चढला. पन्नास, साठ, सत्तर, आणि ऐंशी. बरोबर दुप्पट.

काय तो गलका झाला! सरपंच शालीकराम यांनी डोक्यावरची टोपी काढून महाराजांच्या पायावर ठेवली. आमच्या गावाच्या सहकारी सोसायटीनं नवंकोरं मोठं इंजिन आणलं होतं. पुढच्या बुधवारी त्याचा प्राण खोलायचा, हे तिथल्या तिथं ठरलं.

मी गावच्या शाळेचा मास्तर, जागेश्वर. पोरांना पदार्थविज्ञान शिकवतो असा माझा समज होता. मी हात वर करून विचारलं, “महाराज, हेडमधली भोकं तेवढीच आहेत. मग हवा दुप्पट कशी गेली?”

“मास्टरजी,” महाराज दाढी कुरवाळत म्हणाले, “भोक तो वही है. लेकिन भाग्य का भोक बड़ा हो गया!”

गर्दी खदाखदा हसली. चेंडू ऐंशीवर गेलेला मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. मी गप्प खाली बसलो, आणि आजही मला त्या गप्प बसण्याची लाज वाटते. अडाणी माणूस फसतो ते समजू शकतं. शिकलेला माणूस न फसताही गप्प बसतो, आणि असल्या भोंदूंची शेती त्याच गप्प बसण्यावर पिकते.

हेड परत इंजिनावर बसलं. श्यामलालनं तेलाच्या पंपाचा स्क्रू पार मोकळा केला. “दुप्पट साँस, दुप्पट भोजन,” असं महाराजांचं सूत्र होतं. हवा दुप्पट येणार, तर तेलही दुप्पट सोडायचं, की जोरही दुप्पट. ऐकायला किती गोड! आणि हवा खरोखर दुप्पट येत असती तर खोटंही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी उदेलालचं इंजिन काळा धूर ओकायला लागलं. उदेलालला वाटलं, अंगात आलं. त्यानं नारळ ओवाळला. थंड करण्याच्या टाकीतलं पाणी खदखदा उकळू लागलं तेव्हा तो धावत जवळ गेला. तेवढ्यात हेड तडकलं आणि उकळत्या पाण्याचा फवारा त्याच्या उजव्या हातावर आला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोलून निघाली. आणि धान तर नेमकं निसवायला, लोंब्या फुटायला, आलेलं. दहा-बारा दिवसांत पाणी मिळालं नाही तर लोंब्या भरायच्या नाहीत, नुसतं तनस, रिकामा पेंढा, हाती येणार.

फुलचूरला निरोप गेला. महाराज काही आले नाहीत. त्यांचा निवाडा आला. “घर की औरत ने पवित्र हेड को हाथ लगाया. साँस उलटी फिरी.”

घरची औरत म्हणजे कुंता, उदेलालची बायको. हात तर तिनं लावलाच होता. त्या इंजिनाची पुसापुशी, तेल घालणं, पट्टा चढवणं सारं तीच करायची. उदेलालला त्यातलं निम्मंही येत नव्हतं. पण निवाडा आला तो आला. तिची सासू रुख्माबाई म्हणाली, “माह्या पोराचा हात जाळलास. अकरा दिवस गोठ्यात राहा, मंग बापाच्या घरी जा.” उदेलाल खाटेवर पडून छताकडे पाहत राहिला. एक शब्द बोलला नाही.

रविवारी सकाळी शाळेच्या ओसरीवर कुंता येऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर ओढलेला, डोळे कोरडे. मला वाटलं, रडगाणं सांगायला आली असेल.

“मास्तर, एक गोष्ट पुसू का जी?”

“विचार ना, बाई.”

“त्या पेटीच्या बाजूले काचेची एक वाकडी नळी होती. तिच्यात तांबडं पानी. तुमाले दिसली का?”

मला दिसली नव्हती. समोरून त्या नळीपुढे झेंडूच्या माळांचा मोठा पडदा सोडला होता. आम्ही सगळे पुरुष समोर बसलो होतो. बायांना मान नाही म्हणून त्यांना पेटीच्या आडबाजूला, श्यामलालच्या पाठीशी बसवलं होतं. म्हणजे जे दाखवायचं होतं ते पुरुषांनी पाहिलं, आणि जे झाकायचं होतं ते बायांनी. पण बायांना विचारतो कोण?

“त्या नळीत पानी दोन अंगानं चढत-उतरत होतं,” कुंता सांगत होती. “पहिल्यांदा, चेंडू चाळीसवर होता तवा, दोन अंगांच्या पान्यात वीतभर फरक. श्यामलालनं कापड लावलं आनि फरक झाला चार वीत. मी बोटानं मोजून पाहिलं ना जी. फुंकर तं महाराजानं हेडवर मारली. मंग पानी काऊन चढलं?”

मी ओसरीवरच बसलो. इतका सरळ प्रश्न माझ्या वर्गात पाच वर्षांत कोणी विचारला नव्हता.

वाकडी नळी म्हणजे दाब मोजण्याचं साधन. पंखा पेटीतली हवा किती जोरानं ओढतो, ते पाण्याच्या फरकावरून कळतं. आधी ओढ वीतभर पाण्याची होती, नंतर चार वीत पाण्याची. म्हणजे हेड तेच, भोक तेच. पण पेटी चौपट जोरानं ओढत होती! गाठ एकच उरली. ओढ चौपट, तर हवाही चौपट जायला हवी होती. मग चेंडू नेमका दुप्पटच का चढला? एवढं सांगता आलं नसतं तर महाराजांनी मला पुन्हा हसण्यावारी नेलं असतं.

मी सोमवारी सायकल काढली आणि चोरखमाऱ्याला गेलो. माझा मेहुणा कवडू तिथल्या तलावावर पाटकरी होता. धानाच्या पाटांना पाणी सोडणं-बंद करणं हे त्याचं काम. चौथी शिकलेला, बिडी ओढणारा, कोणाची भीड न ठेवणारा माणूस. त्याला मी सारं सांगितलं.

“चौपट ओढीले दुप्पट हवा,” कवडू म्हणाला, “त्यात का आहे जी भाऊजी? आमच्या तलावाचं तसंच आहे.”

“कसं तसंच?”

त्यानं झोपडीतून पाटबंधारे खात्याचा एक मळका तक्ता काढला. तलावात पाणी मोरीच्या वर किती फूट, तर मोरीतून किती पाणी सुटतं, याचे आकडे. त्यानं काळ्या बोटानं तीन ओळी दाखवल्या. पाणी चार फूट वर असलं, तर सुटणारं पाणी दहा. नऊ फूट वर, तर पंधरा. सोळा फूट वर, तर वीस.

“सोळा म्हंजे चारच्या चौपट. पानी सुटते किती? विसाचं. दहाच्या दुप्पट. लोकं भांडतात ना माह्यासंगं, तलाव चौपट भरला तं पानी चौपट काऊन देऊन नाही राहिला म्हनून. मी सांगतो, धार तशी वाढतच नाही बाप्पा. खात्याले जाऊन पुसा.”

मी त्या तक्त्याकडे पाहत राहिलो. चार, नऊ, सोळा. दोनाचा, तिनाचा, चाराचा वर्ग. दहा, पंधरा, वीस म्हणजे दोन, तीन, चार यांचीच पाचपट. पाणी असो की हवा, एकाच भोकातून दुप्पट वेगानं काढायची तर चौपट ओढ लागते. तिप्पट वेगानं काढायची तर नऊपट. वर्गमूळ! हे वर्गमूळ मी वर्षानुवर्षं पोरांकडून घोकून घेतलं होतं आणि ते काय कामाचं आहे, हे मला एक पाटकरी सांगत होता.

“कवडू, बुधवारी दवनीवाड्याला चल.”

“बाजाराले?”

“तमाशाला.”

बुधवारी गर्दी आधीपेक्षा दुप्पट होती. ही एक गोष्ट महाराजांनी खरोखर दुप्पट केली. सोसायटीचं नवं हेड हार घालून तयार होतं. मी सरपंचांना आदल्या दिवशीच गाठलं होतं. “सरपंच, आधी माझी एक फळी त्या यंत्रावर मोजू द्या. एवढंच मागतो.” शालीकराम महाराजांचे भक्त खरे, पण त्यांचे तहसिलीतले सारे अर्ज मीच लिहीत असे. त्यांनी होकार दिला.

मी सुताराकडून गोल भोक पाडून आणलेली शिसवी फळी पुढे केली.

महाराजांच्या कपाळावर आठी पडली. “ये क्या है? लकड़ी में प्राण कहाँ से आएगा?”

“मग चेंडू दुप्पट होणारच नाही,” मी म्हटलं. “भ्यायचं कायले?”

गर्दीत हशा पिकला. या वेळी तो माझ्या बाजूनं होता. महाराजांना मागे सरकायला जागा उरली नाही.

कवडू पेटीच्या आडबाजूला, वाकड्या नळीजवळ जाऊन बसला. झेंडूच्या माळा त्यानं सरळ तोडून बाजूला टाकल्या, म्हणजे तांबडं पाणी सर्वांना दिसावं. श्यामलाल “अरे, अरे!” करत राहिला.

पंखा घोंगावला. फळीच्या भोकातून हवा आत गेली. चेंडू तीसवर थांबला.

“पानी एक वीत!” कवडू ओरडला.

“आता प्राणवस्त्र,” मी म्हटलं.

श्यामलालनं घडी छातीशी धरली आणि महाराजांकडे पाहिलं. तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून कुंता उठली. गोठ्यात बसवलेली, विटाळाची ठरवलेली बाई चारचौघांसमोर चालत पुढे आली. रुख्माबाईनं तिचा पदर ओढला, तो तिनं सोडवून घेतला. श्यामलालच्या हातातून घडी हिसकली आणि पेटीच्या पाठीला थापली. घडी चिकटली.

चेंडू सरसर चढला आणि साठवर थांबला.

“पानी चार वीत!”

पुढच्या रांगांतली माणसं उठून तांबड्या पाण्याकडे वाकून पाहू लागली.

“फळीत प्राण आला का?” मी विचारलं. “फुंकर कोणी मारली? मंत्र कोणी म्हटला? पवित्र वस्त्राला तर बाईचा हात लागला. साँस उलटी का नाही फिरली?”

“कुंता, काढ ते,” मी म्हटलं. तिनं घडी ओढून काढली तसा पेटीच्या पाठीला, पंख्याजवळ, वाडग्याएवढं एक गोल भोक उघडं पडलं. सुसाट आवाज करत हवा आत जात होती. मी घडी उलगडून दाखवली. चार पदरी जाड कापड आणि मधे मेणकापड.

“हा तुमचा चमत्कार. पंख्याजवळ भोक उघडं असलं की पंखा तिथूनच फुकटची हवा ओढतो, हेडमधून ओढायला त्याच्यात जोर उरत नाही. पाणी वीतभर. भोक बुजवलं की सारी ओढ हेडवर येते. पाणी चार वीत. ओल्या कापडाला ती ओढच धरून ठेवते, देव नाही. चेंडू दुप्पट वर जातो. हेडला काय झालं? काही नाही. मोजणाऱ्यानं मोजताना ओढ बदलली आणि तुम्हाला सांगितलं की वस्तू बदलली.”

“झूठ!” महाराज ओरडले. “ये मास्टर जादूटोणा करता है!”

“मग आता पाहा.”

मी सोसायटीचं नवं हेड फळीच्या जागी ठेवलं. आशीर्वाद नाही, वस्त्र नाही. चेंडू चाळीस, पाणी एक वीत. मी पाटीवर एक आकडा लिहिला आणि पाटी पालथी करून सरपंचांच्या हातात दिली.

“पाणी सव्वादोन वीत झालं की चेंडू कुठं थांबेल, ते मी आधीच लिहून दिलंय. कुंता, घडी हळूहळू सरकव. कवडू सांगेल तिथं थांब.”

कुंतानं घडी भोकावर इंच-इंच सरकवली. तांबडं पाणी चढू लागलं. दीड वीत. दोन.

“थांब, थांब! आता बरोबर सव्वादोन!”

चेंडू थरथरत साठवर स्थिर झाला.

शालीकरामांनी पाटी उलटी केली. पाटीवर साठ लिहिलं होतं.

आणि मग जे घडलं त्यानं मला महाराजांपेक्षाही जास्त संताप आला. तोच म्हातारा, ज्यानं हेडला दंडवत घातला होता, तो धावत आला आणि माझ्या पायावर पडला. “मास्तर, तुमच्या अंगी सिद्धी आहे जी!”

“उठा!” मी जवळजवळ किंचाळलो. “बुवा बदलायची एवढी घाई? सिद्धी-बिद्धी काही नाही. कवडू, तक्ता दाखव त्यांना!”

कवडू उठला. सरकारी तक्ता हातात धरून त्यानं आपल्या भाषेत सांगितलं, आणि ते माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. “आमचा तलाव चार फुटाचा नऊ फूट झाला, म्हंजे सव्वादोन पट. पानी सुटते दहाचं पंधरा, म्हंजे दीडपट. इथं वीतभराचं सव्वादोन वीत झालं. चाळीसाचं दीडपट किती? साठ. इथं कोनाचा देव येऊन नाही राहिला. एवढं तं माही बकरी हाकणारी पोरगीही सांगेल.”

लोक हसले, पण हसू अर्ध्यावर थांबलं. गर्दी फाकली आणि उदेलाल पुढे आला. हात चिंध्यांनी बांधलेला, चेहरा ओढलेला.

“महाराज,” तो म्हणाला, “हवा तेवढीच होती तं तेल दुप्पट सोडायले काऊन लावलं? न जळलेल्या तेलाचा धूर झाला, इंजिन तापून फाटलं. माहा हात गेला. आनि दोष माह्या बायकोले?”

मघापर्यंत हवेवर जगणाऱ्या माणसाची हवाच गेली. त्यांनी कफनी सावरून बैलगाडीकडे पाय उचलला, पण चार जवान शेतकरी आडवे झाले. श्यामलालनं घाबरून भडाभडा सारं सांगून टाकलं. महाराज लढाईच्या दिवसांत एका विमानतळावर इंजिनं पुसायच्या कामावर होते. तिथल्या कारागिरांची हवा मोजायची ही पेटी लढाईनंतर लिलावात निघाली, ती त्यांनी उचलली. खरे कारागीर दोन हेडांची तुलना करायची तर दोन्ही एकाच दाबावर मोजायचे. दाब वेगळा असला तर वर्गमूळ काढून आकडा आधी एका दाबावर आणायचे, मग बोलायचे. ते सारं महाराजांनी पाहिलं होतं. त्यातली अक्कल टाकून दिली, पेटी ठेवली आणि वर शेंदूर फासला.

हवालदार आला, दोघांना घेऊन गेला. जाताना महाराज मला शाप देऊन गेले. त्या शापाला आज अडीच वर्षं झाली. या काळात मला एक दात दुखण्यापलीकडे काही झालेलं नाही, आणि तो दात लहानपणापासूनच किडका होता.

सोसायटीचं इंजिन दुसऱ्या दिवशी सुरू झालं. तेलाचा स्क्रू कारखान्यानं बसवला होता तिथंच ठेवून. ते चालवायला कुंता बसली. कारण गावात इंजिनाचा आवाज ऐकून त्याचं दुखणं ओळखणारं दुसरं कोणी नव्हतं. पहिलं पाणी सरपंचांनी उदेलालच्या बांधीत, धानाच्या बांध घातलेल्या तुकड्यात, सोडलं. सगळं धान वाचलं नाही. वरच्या दोन बांध्या फुकट गेल्या, खालच्या भरल्या. उदेलालची दोन बोटं आजही नीट वळत नाहीत.

रुख्माबाईनं सुनेची माफी मागितली नाही. तशी ती मागणारी नव्हेच. पण कुंता इंजिनावरून दुपारी घरी आली तेव्हा उदेलालनं तिला ओसरीवर बसवलं आणि शेजारपाजारच्या लोकांसमोर म्हटलं, “चूक माही होती. मी तोंड उघडलं नाही.” कुंता म्हणाली, “आता उघडलं ना? मंग जेवून घ्या. मले चार वाजता पट्टा बदलायचा आहे.”

पवनानंद गेला, पण त्याची जात संपलेली नाही. नदीपलीकडे एक नवा बाबा बैलांच्या शिंगांतून ग्रहदोष काढून राहिला आहे, असं परवाच ऐकलं. त्याच्यापुढेही शेकडो लोक बसतील आणि एखादा मास्तर गप्प बसेल. माझं सांगणं एवढंच आहे. कोणी तुम्हाला आधीचा आणि नंतरचा आकडा दाखवला, तर आकड्याला हात जोडू नका. विचारा, दोन्ही वेळा माप एकच होतं का? दोन्ही वेळा ओढ तेवढीच होती का? दाखवणाऱ्यानं झाकलंय काय? ओढ वेगळी असेल तर हिशेब करून दोन्ही आकडे एका पातळीवर आणा आणि मग तुलना करा. या हिशेबाला उपास लागत नाही, तांदळाचा कट्टा लागत नाही, गुरुमंत्र लागत नाही. डोळे उघडे लागतात, आणि जे दिसलं ते चारचौघांत मोठ्यानं बोलण्याची हिंमत लागते. सातशे माणसांच्या गर्दीत ती आधी एका बाईनं दाखवली. बाकीच्यांनी आता तरी दाखवावी.